टी-९० गिअरबॉक्सचं रिबिल्ड किट: किती पुरतं आणि जुना माल कुठे शोधावाच लागतो

विलीज जीपच्या टी-९० गिअरबॉक्ससाठी मिळणारं रिबिल्ड किट घेण्यासारखं आहे, पण ते बॉक्स खोलून, धुऊन, मोजून झाल्यावर. आधी किट मागवलं आणि मग बॉक्स खोलला की दोन गोष्टी हमखास घडतात. पेटीतला एखादा भाग बसत नाही, आणि ज्या भागापायी गिअर सुटत होता (चालत्या गाडीत आपोआप निघत होता) किंवा आवाज येत होता तो पेटीत नसतोच. किटमध्ये बेअरिंग, सुया (बेअरिंगचे बारीक रोलर), वॉशर, सर्क्लिप (खोबणीत बसून भाग जागी धरणाऱ्या रिंगा), सिन्क्रोच्या पितळी रिंगा, स्प्रिंगा आणि गॅस्केट येतात. सिन्क्रो म्हणजे गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांची गती जुळवणारी यंत्रणा. क्लस्टर (एकाच तुकड्यात चार चाकं असलेला गिअर), इनपुट गिअर (इंजिनकडून फिरणारा), मेनशाफ्ट (गिअरमधून मागे शक्ती नेणारा), सिन्क्रोचा हब आणि त्यावर सरकणारी स्लीव्ह येत नाहीत. बॉक्स पुढे किती वर्षं चालणार हे या न येणाऱ्या भागांवर ठरतं, म्हणून परीक्षण किटचं असलं तरी निम्मं लक्ष त्यांच्याकडे दिलं आहे.

टी-९० हा बोर्ग-वॉर्नर कंपनीच्या वॉर्नर गिअर विभागाचा तीन गिअरचा बॉक्स. १९४५ मध्ये सीजे-२ए बरोबर तो नागरी जीपमध्ये आला आणि सीजे-३ए, सीजे-३बी, सीजे-५ असं करत १९७१ पर्यंत टिकला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिन्क्रो आहे. पहिल्याला आणि रिव्हर्सला नाही. या काळात कंपनीचे मालक बदलत गेले. १९५३ मध्ये विलीज-ओव्हरलँड कैसरकडे गेली, १९६३ मध्ये नाव कैसर जीप झालं, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने (एएमसी) ती घेतली. शोधताना याचा उपयोग होतो, कारण विलीजच्या काळातला सहा आकडी नंबर पुढे एएमसीच्या काळात आधी ‘जे०’ लावून चालू राहिला. एकच भाग एका विक्रेत्याकडे जुन्या नंबरने आणि दुसऱ्याकडे ‘जे०’वाल्या नंबरने पडलेला असतो. दोन्हींनी शोधावं. शिवाय सीजे-३बी परवान्यावर भारतात महिंद्राने आणि जपानमध्ये मित्सुबिशीने बनवली, त्यामुळे एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांतला माल फिरतो. तो जुळतो की नाही हे मापच सांगेल.

दाते मोजा, नावावर जाऊ नका

केसवर टी-९० असं ओतीव अक्षरांत असतं, पण त्यावरून केस तेवढी कळते. इतक्या वर्षांत आतला माल कितीदा बदलला गेला असेल याचा नेम नाही. ओळख पटवायची ती दात्यांवरून. टी-९०ए मध्ये इनपुट गिअरला १८ दाते आणि त्याला लागणाऱ्या क्लस्टरच्या पुढच्या चाकाला ३३. टी-९०सी मध्ये तेच १६ आणि ३५. क्लस्टरवरची बाकीची तीन चाकं दोन्हींत सारखी: दुसऱ्यासाठी २६, पहिल्यासाठी १९, रिव्हर्ससाठी १४. मेनशाफ्टवरचा दुसरा गिअर २२ दात्यांचा आणि पहिल्या-रिव्हर्सचा सरकता गिअर २९ दात्यांचा. यावरून टी-९०एचे रेशो २.७९८, १.५५१ आणि १, रिव्हर्स ३.७९८ असे निघतात. टी-९०सीचे ३.३३९, १.८५१ आणि १, रिव्हर्स ४.५३१.

हे आकडे पाठ असण्याचं कारण साधं आहे. १८ आणि ३३ मिळून ५१, १६ आणि ३५ मिळूनही ५१. दोन शाफ्टमधलं अंतर याच बेरजेला धरून आहे. १६ चा इनपुट आणि ३३ चा क्लस्टर जोडला तर बेरीज ४९ होते, दाते अर्धवट लागतात, आवाज येतो आणि ओढाईत दाते मोडतात. १८ आणि ३५ ची बेरीज ५३, ती जोडी केसमध्ये बसतच नाही. विक्रेता नुसता ‘टी-९०चा क्लस्टर आहे’ म्हणाला तर चारही चाकांचे दाते मोजून सांगायला लावावेत आणि मोजपट्टी शेजारी ठेवलेला फोटो मागावा. ज्याच्याकडे खरा माल आहे तो हे दोन मिनिटांत करतो.

विलीजच्या एमबी आणि फोर्डच्या जीपीडब्ल्यू या लष्करी जीपमध्ये टी-९० नव्हता, टी-८४ होता. त्याचा पहिला गिअर २.६६५ चा. दिसायला दोन्ही भाऊ वाटतात, पण आतले गिअर एकमेकांत चालत नाहीत. ‘१९४१ ते १९७१, सर्व जीपसाठी’ असं लिहिलेलं किट बाजूला ठेवावं. ज्याने यादी लिहिली त्याला हा फरक ठाऊक नाही. तसंच सुरुवातीच्या सीजे-२ए मध्ये गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर होता. त्या बॉक्सची गिअर बदलायची सगळी यंत्रणा केसच्या बाजूला असते. बेअरिंग आणि वॉशर मिळतील, पण बाजूच्या झाकणातले लिव्हर आणि त्यांचे तुकडे मिळवणं हे या कामातलं सगळ्यांत कठीण. असा बॉक्स हाती असेल तर किटचा विचार नंतर, आधी ते तुकडे शाबूत आहेत का ते पाहावं.

इनपुट शाफ्टची लांबीही इंजिनप्रमाणे बदलते. गिअरच्या तोंडापासून टोकापर्यंतची लांबी, स्प्लाइनची संख्या आणि पायलट बुशमध्ये (इंजिनच्या बाजूने शाफ्टच्या टोकाला आधार देणारं बुश) जाणाऱ्या टोकाचा व्यास, हे तीन आकडे लिहून घेतल्याशिवाय इनपुट गिअर मागवू नये.

खोलतानाच अर्धं काम होतं

टी-९०च्या मागे मॉडेल १८ ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना शक्ती वाटणारी पेटी) असते आणि मेनशाफ्टचं मागचं टोक सरळ तिच्यात जातं. ट्रान्स्फरचं मागचं झाकण काढून कॉटर पिन, नट आणि वॉशर सोडवायचे, ड्राइव्ह गिअर ओढून काढायचा, मगच दोन्ही केस वेगळ्या होतात. वेगळं करताना मेनशाफ्ट मागे सरकला तर सिन्क्रोच्या पट्ट्या सुटून केसमध्ये पडतात. त्यासाठी विलीजच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला उपाय आजही उत्तम आहे: वरचं झाकण काढून दुसऱ्या गिअरच्या लगेच मागे मेनशाफ्टला तारेचा फास घालायचा आणि तारेची दोन टोकं झाकणाच्या पुढच्या दोन स्क्रूंना डावी-उजवीकडे ताणून बांधायची. शाफ्ट जागचा हलत नाही.

क्लस्टरचा शाफ्ट आणि रिव्हर्स आयडलरचा शाफ्ट मागच्या बाजूला एकाच लॉक प्लेटने धरलेले असतात. प्लेट काढून क्लस्टरचा शाफ्ट मागच्या दिशेने ठोकायचा आणि त्याच्यामागोमाग डमी शाफ्ट आत ढकलायचा, म्हणजे सुया क्लस्टरच्या आतच राहतात. डमी शाफ्ट लेथवर करून घ्यावा: व्यास मूळ शाफ्टपेक्षा किंचित कमी, लांबी क्लस्टरपेक्षा जराशी कमी. जोडताना तोच पुन्हा लागतो.

आता मोजमाप. क्लस्टरच्या शाफ्टवर सुया जिथे फिरतात तिथे आणि जिथे फिरत नाहीत तिथे मायक्रोमीटरने व्यास घ्या. नखाला लागेल एवढी पायरी किंवा सोललेला पापुद्रा दिसला तर शाफ्ट बाद. तसाच पापुद्रा क्लस्टरच्या आतल्या भोकात असू शकतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी सुटतो. टॉर्च टाकून, बोट फिरवून पाहायचा. सुया शाफ्टवर आणि क्लस्टरच्या भोकावर थेट फिरतात, मध्ये वेगळी रिंग नाही. म्हणून भोक खराब असताना नवा शाफ्ट आणि नव्या सुया घालणं म्हणजे नवा माल खराब करणं. किट घेणारे सगळ्यांत जास्त फसतात ते इथे.

इनपुट गिअरच्या मागच्या भोकात मेनशाफ्टचं टोक ज्या रोलरवर फिरतं ते भोक, दुसऱ्या गिअरचं आतलं भोक, पितळी रिंग ज्यावर आवळते त्या कोनची (शंकूची) चकाकी, आणि स्लीव्ह ज्या बारीक दात्यांवर चढते त्यांची टोकं, हेही तपासा. बारीक दाते अणकुचीदार असायला हवेत. घसटून गोल झाले असतील तर गिअर घालताना करकर होते. दात्याच्या बाजू निमुळत्या झाल्या असतील तर गाडी उतारावर रेटताना स्लीव्ह हळूहळू मागे सरकते आणि गिअर सुटतो. नव्या पितळी रिंगेने यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

पेटीतला माल, एकेक करून

बेअरिंगचं आधी सांगतो, कारण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बेअरिंग बंद झालेली नाहीत, बंद झाला तो जीपचा नंबर. जुन्या बेअरिंगच्या रिंगवर बेअरिंग कंपनीचा नंबर कोरलेला असतो आणि माप ठरलेल्या मालिकेतलं असतं. उदाहरणार्थ, न्यू डिपार्चर या बेअरिंग कंपनीचं ३२०७ म्हणजे आजचं ६२०७: आतून ३५, बाहेरून ७२, रुंदी १७ मिलिमीटर. ३३०७ म्हणजे ६३०७: ३५, ८०, २१. मात्र आज कोणी दुकानात जुनाच नंबर ३२०७ सांगितला तर दोन ओळींचं अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग हातात पडतं. व्यास तेच, रुंदी २७ मिलिमीटर. म्हणून नंबर सांगताना तिन्ही मापंही सांगायची. बाहेरच्या रिंगवर सर्क्लिपची खोबण हवी असेल तर नंबरापुढे ‘एन’, सर्क्लिपसकट हवं असेल तर ‘एनआर’. खोबण नसलेलं बेअरिंग मापात बसतं, पण शाफ्टला पुढेमागे धरून ठेवायला काही उरत नाही.

जुन्या बेअरिंगच्या रिंगांना बाजूने एक छोटी खाच दिसली तर ते जास्त गोळ्या भरलेलं बेअरिंग आहे. त्या खाचेतून गोळ्या भरत. अशा बेअरिंगला सरळ भार जास्त पेलतो, बाजूचा कमी. बदली घेताना दोन्हींतल्या गोळ्या मोजून पाहाव्यात आणि ज्या जागेवर तिरप्या दात्यांचा बाजूचा रेटा येतो तिथे बिनखाचेचं नामांकित बेअरिंग घ्यावं. किटमधल्या बेअरिंगवर कंपनीचं नाव नसेल तर ते वापरू नये. दोन बेअरिंग वेगळी घेतली तरी किटचा बाकीचा माल वाया जात नाही.

सुयांचं तंत्र वेगळं आहे. एका संचातल्या सगळ्या सुया व्यासाला दोन-तीन मायक्रॉनच्या आत सारख्या असाव्या लागतात. काही जुन्या, काही नव्या अशा मिसळल्या तर ज्या जाड त्यांच्यावरच सगळा भार येतो आणि शाफ्टवर त्यांच्याच रेघा उठतात. किटमधल्या सुया पार्ट्स बुकातल्या संख्येशी ताडून पाहाव्यात, प्रत्येक ओळीतून चार-पाच काढून मायक्रोमीटरने मोजाव्यात आणि लांबीही बघावी. एक सुई कमी पडली म्हणून जुनी घालायची नाही. पूर्ण संच दुसरा आणायचा.

थ्रस्ट वॉशरच्या बाबतीत किटचा माल बहुतेक चांगला असतो. पुढे केसच्या खाचेत जीभ अडकणारा मोठा ब्राँझचा वॉशर, मागे ब्राँझ आणि पोलादी अशी जोडी. क्लस्टरचा पुढेमागे प्ले (मोकळी हालचाल) १२ ते १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३०५ ते ०.४५७ मिलिमीटर हवा. तो वॉशरच्या जाडीने जुळवायचा असतो. किटमध्ये एकाच जाडीचा वॉशर येतो, म्हणून जुने वॉशर मापं लिहून डबीत ठेवावेत. प्ले जास्त निघाला आणि जाड वॉशर मिळाला नाही तर पोलादी वॉशर कडक करून ग्राइंड करून घेता येतो. जुन्या पत्र्याचा शिम मध्ये सारणं टाळावं. तो फाटतो आणि तुकडे दात्यांत जातात.

पितळी सिन्क्रो रिंग हा किटमधला सगळ्यांत बेभरवशाचा भाग. दिसायला सगळ्या सारख्या, पण आतल्या निमुळत्या पृष्ठाचा उतार थोडा चुकला की रिंग कोनवर एका काठानेच टेकते. तपासणी सोपी आहे. कोन पुसून कोरडा करा, त्यावर इंजिनिअर्स ब्लूचा पातळ थर द्या, रिंग दाबून थोडी फिरवा आणि काढा. निळा डाग पूर्ण घेरात आणि रुंदीच्या बऱ्याच भागात उठला पाहिजे. एकाच कडेला रेघ उठली तर रिंग परत करा. मग रिंग दाबून धरलेली असताना तिच्या आणि गिअरच्या बारीक दात्यांमधली फट फीलर गेजने तीन ठिकाणी घ्या. नव्या रिंगेला ही फट स्पष्ट दिसायला हवी आणि तिन्ही जागी जवळपास सारखी हवी. फटच उरली नसेल तर रिंग कोनला आवळण्याआधी गिअरला टेकते, गती जुळत नाही आणि करकर चालूच राहते. रिंगेच्या आतल्या बारीक चऱ्या धारदार असल्या पाहिजेत, कारण तेलाचा थर कापायचं काम त्यांचं. जुनी रिंग बरी दिसते म्हणून पॉलिश पेपर मारून परत बसवू नये. चऱ्या बोथट होतात.

स्प्रिंगा आणि पट्ट्या ठीक. गॅस्केट ठीक, फक्त पुढच्या बेअरिंग रिटेनरचं गॅस्केट लावताना तेल परत येण्याचं भोक झाकलं जात नाही हे बघा. झाकलं गेलं तर तेल क्लचवर उतरतं. सर्क्लिप मात्र हाताने थोड्या उघडून सोडून बघाव्यात. उघडल्यावर परत मिटली नाही तर ती नरम आहे, फेकून द्यावी. मूळ सर्क्लिप वेगवेगळ्या जाडीच्या येत आणि शाफ्टचा प्ले त्यातून निवडून घालवत. किटमध्ये ती निवड नसते.

जे पेटीत नाही

क्लस्टर. मूळ कारखान्याच्या जुन्या साठ्यातला न वापरलेला मिळाला तर तोच घ्यावा. पण ‘जुना साठा’ म्हणजे बिनवापराचा असं गृहीत धरू नये. दात्यांच्या मध्यावर चकाकी किंवा खड्डे दिसले तर तो वापरलेला आहे, कागदात कसाही गुंडाळलेला असो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मालावर गंज असतो. दात्याच्या काठावरचा चालतो, दात्याच्या चेहऱ्यावर आणि सुयांच्या भोकात चालत नाही, कारण त्या खड्ड्यांतूनच पुढे पापुद्रे निघतात. नव्याने बनवलेला क्लस्टर घ्यायचा असेल तर कानस चाचणी करावी: नवी बारीक कानस दात्याच्या कोपऱ्यावर घसटली तर ती घसरली पाहिजे, चावली नाही पाहिजे. अशा दात्यांचा वरचा थर ५८ ते ६२ रॉकवेलचा (कडकपणाचं माप) असतो. कानस चावली तर तो गिअर काही महिन्यांत खड्डे पाडून घेईल. मग सुयांच्या दोन्ही बाजूंच्या भोकांचा व्यास घ्या, आणि शाफ्टवर क्लस्टर घालून तो डगमगतो का ते पाहा.

इनपुट गिअर आणि क्लस्टर शक्यतो एकाच जुन्या बॉक्समधून जोडीने घ्यावेत. एकत्र झिजलेले दाते एकमेकांना ओळखतात. एक नवा, एक झिजलेला असला की बॉक्स ओरडतो. हा आवाज सहन होण्यासारखा असतो आणि काही काळाने थोडा कमीही होतो, त्यामुळे जोडी मिळत नसेल तर काम अडवू नये. पण झिजलेल्या दात्यावर पायरी पडलेली असेल तर नवा गिअर त्यावर चालवू नये. नव्याचा दाता त्या पायरीवर आपटून फुटतो.

क्लस्टरचा शाफ्ट जुना शोधत बसण्यापेक्षा करून घेतलेला बरा. ईएन-३६ किंवा ८६२० सारखं केस हार्डनिंगचं पोलाद, ५८ ते ६४ रॉकवेलचा कडक थर, आणि शेवटी सिलिंड्रिकल ग्राइंडिंग. सुया त्यावर थेट फिरणार असल्याने पृष्ठाची सरासरी खरबरीतता (आरए) ०.२ मायक्रॉनपर्यंत हवी; नुसत्या लेथच्या फिनिशवर सुया टिकत नाहीत. मागची लॉक प्लेटची खाच हार्डनिंगच्या आधी कापून घ्यावी आणि तिची खोली मूळ शाफ्टवरून घ्यावी. विकत घेतलेल्या शाफ्टलाही ही खाच प्लेट लावून बघावी. खाच तिरकी किंवा उथळ असेल तर प्लेट केसला टेकत नाही, आणि तशीच आवळली तर ट्रान्स्फर केस चपखल बसत नाही. रिव्हर्स आयडलरचं ब्राँझ बुशही करून घेण्याजोगं आहे.

गिअर एकटा बनवून घेणं मात्र मला पटत नाही. तिरप्या दात्यांचा कोन, दात्याचं प्रोफाइल, हार्डनिंगमध्ये होणारी वाक, हे सगळं एका नगासाठी जुळवून आणणारी जागा क्वचित मिळते, आणि त्यापेक्षा सुटे भाग काढण्यासाठी जुना पूर्ण बॉक्स शोधणं कमी कटकटीचं आहे. असा पूर्ण बॉक्स घेताना वरचं झाकण काढून पाहायचा आग्रह धरावा. तेलात पाणी शिरून दुधाळ झालेलं असेल तर बेअरिंग आणि सुयांच्या जागा गेल्या असं समजावं, गिअर मात्र चांगले असू शकतात. झाकण उघडंच पडलेला बॉक्स घेऊ नये.

सिन्क्रोचा हब आणि स्लीव्ह जोडीनेच घ्यायचे. कारखान्यात ते एकमेकांवर निवडून बसवले जात. खोलण्याआधी दोन्हींवर खूण करावी आणि त्याच खुणेवर जोडावं. सुटी स्लीव्ह विकणारे बरेच असतात. हबवर ती अडकत किंवा खडखडत असेल तर नको.

वरच्या झाकणातले दोन रेल (स्लीव्ह आणि गिअर सरकवणारे फोर्क ज्यांवर असतात ते दांडे), त्यांचे स्टीलचे बॉल, स्प्रिंगा आणि दोन गिअर एकदम पडू न देणारी इंटरलॉकची पिन यांच्याकडे लोक शेवटी बघतात, खरं तर आधी बघायला हवं. रेलवरच्या खाचेची कड झिजली असेल किंवा स्प्रिंग बसली असेल तर आत सगळं नवं असूनही गिअर सुटतो. जुन्या स्प्रिंगांची मोकळी लांबी एकमेकींशी ताडून बघितली तरी बसलेली स्प्रिंग लगेच कळते. फोर्कच्या टोकांची झीज एका बाजूला जास्त असेल तर फोर्क वाकलेला आहे.

ट्रान्स्फर केस उघडलेलीच असते, तेव्हा तिचंही माप घेऊन ठेवा. मधल्या शाफ्टची जाडी काळानुसार तीन आहे: पाऊण इंच, १ १/८ इंच आणि १ १/४ इंच. मधला गिअर, सुया आणि वॉशर यांत अदलाबदल होत नाही. मेनशाफ्टच्या टोकावरचा ड्राइव्ह गिअर जुन्या केसमध्ये २६ आणि नंतरच्यांत २९ दात्यांचा. तो मधल्या गिअरच्या जोडीनेच बदलायचा.

जोडल्यावर उरतं ते

जोडताना सुया पातळ ग्रीसमध्ये बसवाव्यात. घट्ट ग्रीस तेलाला आत शिरू देत नाही. क्लस्टर आधी केसच्या तळाशी ठेवून, इनपुट आणि मेनशाफ्ट बसवून झाल्यावरच वर उचलावा. शाफ्ट मागून आत जाताना डमी शाफ्ट आणि खरा शाफ्ट यांची टोकं एकमेकांना सतत चिकटलेली हवीत, नाहीतर मधल्या फटीत सुई आडवी पडते. शाफ्ट अडला तर हातोड्याने रेटू नका. वॉशर सरकला आहे किंवा सुई आडवी आहे.

सगळं नवं असूनही तिसरा गिअर सुटत असेल तर बॉक्स पुन्हा खोलण्याआधी पायलट बुश आणि बेलहाउसिंग (इंजिन आणि बॉक्समधलं क्लचचं कवच) बघा. तिसऱ्यात इनपुट आणि मेनशाफ्ट एका रेषेत, एकच शाफ्ट असल्यासारखे फिरतात. रेषा मोडली की प्रत्येक फेऱ्यात स्लीव्ह थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेलहाउसिंगच्या भोकाची फेरी घ्यावी, ती साधारण ५ थाऊच्या आत हवी. फक्त दुसरा सुटत असेल तर दोष बहुतेक दुसऱ्या गिअरचा पुढेमागे प्ले, फोर्क किंवा रेलच्या खाचा यांत असतो.

तेल जीएल-४ दर्जाचं, ८० किंवा ९० ग्रेडचं. जीएल-५ मधली जास्तीची गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी रिंगांना आणि ब्राँझ वॉशरना खाऊ शकतात, त्यामुळे पितळाला चालतं असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते या बॉक्ससाठी नको. बॉक्समध्ये सुमारे १.४ लिटर, ट्रान्स्फरमध्येही तेवढंच, दोन्हींत फिलर प्लगच्या कडेपर्यंत. थोडं चालवल्यावर दोन्ही प्लग उघडून पातळी बघा. बॉक्सची कमी आणि ट्रान्स्फरची जास्त झाली असेल तर मागच्या बेअरिंगमधून तेल पलीकडे जात आहे. ते तसंच सोडलं तर बाहेर कुठे गळती न दिसता सुया कोरड्या पडतात. बॉक्स अजून बाहेर असेल तेव्हाच मागचं बेअरिंग एका बाजूला रबरी सील असलेलं निवडावं.

पहिलं तेल ५०० किलोमीटरच्या आसपास गरम असताना पांढऱ्या ट्रेमध्ये काढा. पितळाची सोनेरी भुकटी थोडी असतेच, नव्या रिंगा बसताना ती येते. लोखंडाची बारीक करडी पेस्ट चुंबकाला चिकटते, तीही चालते. चमकणारे चपटे पापुद्रे दिसले तर क्लस्टरच्या भोकाची किंवा शाफ्टची कातडी सुटते आहे. मग गाडी तिथेच थांबवून क्लस्टर बाहेर काढावा, कारण भोक अजून शाबूत असेल तर याच टप्प्यावर शाफ्ट आणि सुया बदलून क्लस्टर वाचू शकतो.